लोड आला की हँग होणारा डेस्कटॉप: आधी संशय कुणावर, उष्णतेवर, एसएमपीएसवर की रॅमवर?

दिवसभर टायपिंग करा, ब्राउझर उघडा, काही होत नाही. गेम सुरू केला किंवा व्हिडिओ रेंडरला लावला की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन जागच्या जागी थिजते. आवाजाचा शेवटचा तुकडा घर्रर्र करत अडकून राहतो, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवाही पेटत नाही. शेवटी पॉवर बटण दाबून धरावं लागतं. मग प्रश्न येतो: नवा कूलर घ्यायचा, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) बदलायचा, रॅम बदलायची, की विंडोज नव्याने टाकायची?

माझं मत आधीच सांगतो. काहीही विकत घेण्याआधी बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅमला मानकाहून जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग (एएमडीच्या बोर्डवर एक्स्पो), बंद करा आणि मशीनला तोच लोड पुन्हा द्या. एसएमपीएसचा नंबर त्यानंतर.

सगळ्यात आधी नाव येतं उष्णतेचं, आणि पुष्कळदा तिच्यावर नाहक आळ येतो. आजचे प्रोसेसर तापले की आपला वेग स्वतःच कमी करतात. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. तिथे पोचलं की काम मंदावतं, आणि त्याहून वर गेलं तर मशीन धाडकन बंद पडतं. म्हणजे उष्णतेची खूण आधी संथपणा आणि मग बंद पडणं अशी असते. चित्र गोठून राहणं त्यात क्वचित बसतं. खात्री करायला एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सेन्सरची नोंद फाइलमध्ये साठवायला लावा आणि हँग झाल्यावर त्या फाइलची शेवटची ओळ वाचा. तिथे प्रोसेसर ७० आणि ग्राफिक्स कार्ड ७२ अंशांवर दिसत असेल, तर नवा कूलर घेऊन काही साधणार नाही. मात्र ग्राफिक्स कार्डची मेमरी आणि मदरबोर्डवरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग यांचं तापमानही बघा. कॅबिनेटचं झाकण काढून, धूळ झाडून एकदा लोड देऊन बघायला काहीच खर्च नाही.

एसएमपीएसची गोष्ट वेगळी. तो कमी पडला की मशीन बहुतेक वेळा थिजत नाही. स्क्रीन काळी होऊन थेट रीस्टार्ट होतं किंवा पार बंद पडतं. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या दुपटीच्या आसपास वीज ओढू शकतं. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने अतिशय थोड्या काळासाठी आपल्या क्षमतेच्या २०० टक्क्यांपर्यंतचा झटका सोसावा अशी अपेक्षा घातली गेली. जुना, कॅपॅसिटर थकलेला एसएमपीएस तिथे मान टाकतो. अडचण अशी की हा दोष सिद्ध करणं सगळ्यात अवघड. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी हे खरं, पण मिलिसेकंदाचा खड्डा साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही आणि मदरबोर्डचा आकडा तर अंदाजाचाच असतो. खात्रीचा उपाय एकच: चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावून बघणं. तो नसेल तर ग्राफिक्स कार्डची पॉवर मर्यादा ७० टक्क्यांवर आणा. हँग होणं थांबलं तर संशय एसएमपीएसवर किंवा कार्डावर उरतो. आणि कार्डाला दोन जोडण्या असतील, तर एकाच वायरीची दोन टोकं न खोचता दोन स्वतंत्र वायरी लावा. नुसत्या एवढ्यानेही काही मशीनं ताळ्यावर येतात.

इथे एका गैरसमजाबद्दल कळकळीने सांगायचं आहे. विंडोजच्या नोंदी दाखवणारं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं की लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते. त्यातला पॉवर हा शब्द वाचून लोक नवा एसएमपीएस घेऊन येतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. तुम्ही बटण दाबून धरलंत, म्हणून ती आली. मीही एकदा याच नोंदीवर विसंबून चांगला चालणारा एसएमपीएस काढून ठेवला होता, आणि नव्यावरही रेंडर तिथेच अडकला.

दोष निघाला रॅमचा. डबीवर डीडीआर४ ३६०० लिहिलेलं, पण डीडीआर४ च्या मूळ मानकाची धाव ३२०० पर्यंतच. त्यावरचा वेग हे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळवणं, आणि त्याचा भार प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर पडतो. दोनऐवजी चार स्टिक लावल्या की तो आणखी वाढतो. रॅमची खूण म्हणजे अनियमितपणा: आज गेममध्ये अडकलं, उद्या मोठी झिप फाइल उघडताना चूक, परवा निळी स्क्रीन आणि दर वेळी वेगळा कोड. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रॅमचे चार पास (पूर्ण फेऱ्या) रात्रभर लावा. एकही चूक दिसली तरी ती चूकच. पण चाचणी स्वच्छ आली म्हणून रॅमला लगेच निर्दोष ठरवू नका. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड शांत असतं, कॅबिनेट थंड असतं. गेम चालू असताना कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर येते आणि गार असताना तरलेली रॅम तिथे घसरते. माझ्याकडे दोन रात्री चाचणी स्वच्छ आली होती. एक्सएमपी बंद केल्यावर मात्र तीन तासांचा रेंडर विनाअडथळा पुरा झाला.

स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ (ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून सावरल्याची नोंद) दिसत असेल, तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका. माउस हलतोय, पण प्रत्येक खिडकी प्रतिसाद देईनाशी झाली असेल, तर डिस्क तपासा. विंडोज नव्याने टाकण्यात एक दिवस घालवण्यापेक्षा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तिथे तसाच लोड द्या. तिथेही थिजलं तर दोष हार्डवेअरचा, विंडोजचा नाही.

प्रोसेसर इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा असेल तर वरचा क्रम बाजूला ठेवा. या पिढ्यांतले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा खोटा संदेश येणं ही त्याची ओळखीची खूण. बायोस लगेच अपडेट करा. पण आधीच झालेली झीज त्याने भरून निघत नाही, अशा वेळी वॉरंटीत बदलूनच घ्या.

प्रत्येक बदलानंतर चाचणी पुरेशी लांब द्या. पंधरा मिनिटांत अडकणाऱ्या मशीनला निदान दोन तास. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने थांबलं ते कळणार नाही.

एवढं करून एसएमपीएसच बदलायचा ठरला, तर जुन्याचं झाकण उघडू नका. वायर काढल्यावरही आतले कॅपॅसिटर भारलेले असतात. नवा मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच वायरी वापरा. जुन्या वायरी टोकाला बसतात, पण आतली पिनांची मांडणी वेगळी निघाली तर पहिल्याच स्विचला डिस्क जळू शकते.