गावी पाठवायचं की १०९८ ला फोन करायचा?

पोराच्या हातात अचानक महागडा मोबाइल, रात्री अकराला 'खाली जाऊन येतो', आणि एक दिवस दप्तराच्या आतल्या कप्प्यात एमडीची, म्हणजे नशेच्या पावडरीची, पुडी. आमच्या मानखुर्दला अशा वेळी आई आधी गावचं तिकीट काढते. तिची घाई मला कळते. पोरांकडून हा माल पोचवून घेणाऱ्या टोळीच्या नजरेआड पोरगं होतं, मामाच्या ओसरीवर निवांत झोपतं. पण शाळा सुटते, मोबाइल सोबतच जातो, आणि 'मालाचे पैसे कोण देणार?' म्हणत माणसं इकडे आईच्याच दारात उभी राहतात.

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन; फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो. बाल कल्याण समिती अशा पोराकडे संरक्षणाची गरज असलेलं मूल म्हणून बघते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७८ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाकडून माल पोचवून घेणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. चकरा, जबाब, शेजाऱ्यांची कुजबुज, हा त्रास होतोच. तरी मी हाच रस्ता सांगते. पुडीसकट पकडला गेला, की गुन्ह्याचं प्रकरण म्हणून ते बाल न्याय मंडळापुढे जातं. त्याआधी फोन करा. गावी न्यायचं तर न्या, पण फोन करून मगच.