पहिलं हातघडणीचं पेन: एबोनाइट की अ‍ॅक्रिलिक?

आंध्रातल्या राजमुंद्रीच्या कारागिरांकडून शाईचं पेन घडवून घ्यायचं ज्यांचं ठरलंय, पण ते कशाचं असावं यावर अडलंय, त्यांच्यासाठी.

एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. हाताला उबदार, घामातही सहसा न निसटणारं. शाई थेट बॅरलमध्ये (पेनच्या नळीत) भरणार असाल तर हेच घ्या: तळहाताची ऊब आत हळू पोचते, म्हणून शाई निम्म्याखाली गेल्यावर आतली हवा फुगून निबेतून थेंब पडण्याचा त्रास कमी. शाई झिरपू नये म्हणून बॅरलच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस मात्र हवंच. उणीव एकच, पण मोठी: उन्हाने किंवा गरम पाण्याने काळा रंग हिरवट-तपकिरी पडतो. पॉलिशने बराचसा परत येतो.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे एक कडक प्लास्टिक. त्याचे रंग टिकतात, पारदर्शक घेतलं तर शाईही दिसते. फरशीवर पडलं तर तडकू शकतं. स्पिरिटने पुसू नका.

रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी एबोनाइट घ्यावं. संग्रह उजेडात मांडणाऱ्यांनी अ‍ॅक्रिलिक.