फिनिक्स वॉलेट: तारकर्लीच्या होमस्टेला कितपत चालते?

मालवण-तारकर्ली पट्ट्यातला होमस्टेवाला बिटकॉइन घेणार तो परदेशी पाहुण्याकडूनच. पुण्या-मुंबईचा पाहुणा यूपीआयचा क्यूआर स्कॅन करून मोकळा होतो, तिथे काही बदलायची गरज नाही. परदेशी पाहुण्यासाठी मात्र फिनिक्स हे लाइटनिंग वॉलेट (लाइटनिंग म्हणजे बिटकॉइनच्या मुख्य साखळीबाहेर, दोघांमध्ये उघडलेल्या चॅनेलमधून लगेच पैसे पाठवायची सोय) घ्यावे, पण फोनची शिस्त पाळणार असाल तरच.

थेट साखळीवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक हिशेबवहीत (ब्लॉकचेनवर), पैसे घेणे इथे जमत नाही. शुल्क व्यवहाराच्या आकारावर लागते, आणि साधा व्यवहार सुमारे 141 व्हीबाइटचा (व्हीबाइट हे त्या आकाराचे माप). दर व्हीबाइटला शुल्क 2 सॅट (सॅट म्हणजे बिटकॉइनचा सर्वांत लहान भाग) असेल तर 282 सॅटमध्ये भागते, 100 असेल तर 14,100 लागतात. एप्रिल 2024 च्या हाविंगच्या (नव्या ब्लॉकचे बक्षीस निम्मे होण्याच्या) दिवशी दर शेकड्यांत गेला होता. शिवाय व्यवहारांची नोंद करणारा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, सरासरी दहा मिनिटांनी येतो. कुडाळला कोकणकन्या पकडायची असलेला पाहुणा तेवढा थांबेल कशाला?

मग ब्लॉकच मोठा करावा? बिटकॉइन कॅश हे नाणे 2017 मध्ये याच वादातून वेगळे झाले आणि 2018 मध्ये त्याच्या ब्लॉकची मर्यादा 32 एमबी झाली. असे ब्लॉक पूर्ण भरले तर दिवसाच्या 144 ब्लॉकचे 4.6 जीबी होतात. रोज 2 जीबीच्या नेटपॅकवर असा नोड (सगळी साखळी स्वतः तपासणारा संगणक) चालणारच नाही, म्हणजे हिशेब तपासायचे काम पुन्हा मोठ्या सर्व्हरवाल्यांच्या हाती. व्यवहार स्वस्त होतात, तपासणारे कमी होतात.

स्वतःचा बिटकॉइन व लाइटनिंग नोड हा सर्वांत स्वतंत्र मार्ग, आणि किनाऱ्यावर सर्वांत त्रासाचा. साखळी आज 600 जीबीच्या पुढे आहे. वरच्याच नेटपॅकवर ती उतरवायला दहा महिने जातील. फायबर असलेल्या ठिकाणी एसएसडी भरून आणावी लागते. पण खरा शत्रू म्हणजे सारखी जाणारी लाईट. नोड चालवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक अचानक बंद पडला की डेटाबेस बिघडू शकतो. त्यावर कुणी चॅनेलचा जुना बॅकअप चढवला आणि जुनी स्थिती (कुणाचे किती पैसे, याचा शिळा हिशेब) साखळीवर गेली, तर नियमानुसार समोरचा त्या चॅनेलमधले सगळे पैसे घेऊ शकतो. यूपीएस आणि जाणता माणूस, दोन्ही नसतील तर या वाटेला जाऊ नये.

फिनिक्स मधली वाट काढते. पैशांवर ताबा देणारी बारा शब्दांची किल्ली तुमच्याकडे, पण चॅनेल फक्त एकाशी: फ्रान्सच्या असिंक कंपनीशी. ती बंद पडली तर पैसे जबरदस्तीने साखळीवर काढता येतात, थोडे दिवस थांबून. तोवर काऊंटर मात्र ठप्प. याला पूर्ण विकेंद्रित म्हणणे धाडसाचे; किल्ली आपली, रस्ता त्यांचा.

पैसे पाठवायला 0.4 टक्का अधिक 4 सॅट. येणाऱ्या पैशाला चॅनेलमध्ये जागा असेल तर शुल्क नाही. नसेल तर जागेच्या 1 टक्का आणि वर मायनिंग शुल्क (साखळीवरच्या व्यवहाराचे). म्हणून सीझनच्या तोंडावर, साखळीवरच्या शुल्काचा दर उतरलेला पाहून, 10 लाख सॅटची जागा एकदमच घ्यावी: 10,000 सॅट आणि मायनिंग शुल्क. सेटिंगमधली कमाल शुल्काची मर्यादा फार खाली ठेवली आणि जागा अपुरी पडली, तर पैसे येतच नाहीत आणि पाहुण्याला वाटते ॲप बिघडले.

आता फोन. पैसे येताना ॲप ऑनलाइन लागते. बॅकग्राउंडला गेलेले असेल तर नोटिफिकेशनने जागे होते. बॅटरी वाचवण्याची सेटिंग या ॲपपुरती बंद करा, नाहीतर ते झोपूनच राहते. जांभ्याच्या भिंतीआड रेंज जाते, तेव्हा फोन राउटरजवळ ठेवा. आणि तेच बारा शब्द मालक व मॅनेजर यांच्या दोन फोनवर एकाच वेळी कधीही चालवू नका.

वॉलेट ऑफ सातोशीसारख्या कस्टोडियल ॲपला यातले काही लागत नाही, कारण पैसे कंपनीकडेच असतात. नोव्हेंबर 2023 मध्ये ते अमेरिकेच्या ॲप स्टोअरवरून निघाले होते. शहाळ्याच्या पैशांपुरते ठीक, खोलीच्या भाड्याला नको.

प्रत्येक बिलावर त्या क्षणाचा रुपयांतला भाव लिहा. पुढे विकताना नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा वजा करता येत नाही.

पावसाळ्यात होमस्टे बंद आणि फोन चार महिने कपाटात, असे करू नका. समोरच्याने चॅनेलची जुनी स्थिती टाकली तर ती पकडायला ॲप मुदतीत उघडावे लागते. त्यापेक्षा मे महिन्यात मायनिंग शुल्क कमी असलेला दिवस पाहून चॅनेल बंद करा आणि पैसे साखळीवरच्या स्वतःच्या पत्त्यावर काढून ठेवा.