बेंचवरच्या शेवटच्या जागा: गाजलेला पोरगा, पडलेला पोरगा की कुणालाच माहीत नसलेला?

मार्च आला की आमच्या न्यू जर्सीतल्या फँटसी बेसबॉलच्या ग्रुपवर (खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवायची आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर जिंकायचं) एकच प्रश्न फिरत असतो, वरचे पंधरा-सोळा खेळाडू तर सगळेच नीट घेतात, पण शेवटच्या दोन-तीन जागांवर कोण घ्यायचा? माझ्या मते लीग तिथेच जिंकली जाते, कारण वरचे खेळाडू थोड्याफार फरकाने सगळ्यांना सारखेच मिळतात आणि खाली एखादा तरुण पोरगा फुकटात हाती लागला तर तोच सप्टेंबरमध्ये टीम ओढून नेतो. यंदा दोघं नवीन आलेत, त्यांनी विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लीग १२ टीमची आणि ५ बाय ५ धरा, म्हणजे दोघांचे पाच-पाच आकडे मोजायचे, हिटरचे रन, होमरन, आरबीआय (त्याच्या फटक्यावर आलेले रन), स्टोलन बेस (पळून चोरलेला बेस), अ‍ॅव्हरेज (दहा वेळा बॅटिंगला तीन हिट म्हणजे .३००) आणि पिचरचे विन, सेव्ह, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन), व्हिप (इनिंगमागे किती जण बेसवर जाऊ दिले).

पहिला पर्याय गाजलेला पोरगा, प्रॉस्पेक्टच्या (अजून खालच्या लीगमध्ये असलेल्या होतकरू पोरांच्या) प्रत्येक टॉप १०० यादीत वरती असलेला. हा लागला की सीझन बनतो यात शंका नाही. २०२२ ला ज्युलिओ रॉड्रिगेझ सिअ‍ॅटलकडून पहिल्या दिवसापासून खेळला, एप्रिलमध्ये चाचपडला, आणि शेवटी २८ होमरन, २५ स्टोलन बेस आणि रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू). आता असे पोरं लवकर वर येण्याची शक्यता पण वाढलीय, कारण मेजर लीग आणि खेळाडू संघटनेच्या त्याच वर्षीच्या करारानंतर असा प्रॉस्पेक्ट सुरुवातीपासून टीममध्ये ठेवला आणि तो रुकी ऑफ द इयर झाला तर टीमला खऱ्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडताना) जादा पिक मिळतो. पण किंमत बघा. ज्याचं नाव तुम्हाला माहीत आहे त्याचं बाकी ११ जणांनाही माहीत आहे, त्यामुळे तो एकतर चार-पाच राऊंड आधीच जातो नाहीतर कॉल-अपच्या (मेजर लीगमध्ये बोलावल्याच्या) दिवशी वेव्हरचं (सीझनमध्ये मोकळ्या खेळाडूंवर बोली लावायचं) अर्धं बजेट खातो. आणि एवढं करून २०२४ चा जॅक्सन हॉलिडे आठवा, २०२२ च्या खऱ्या ड्राफ्टमधला पहिला पिक, एप्रिलमध्ये बाल्टिमोरने वर आणला, १० मॅचमध्ये ३४ अ‍ॅट-बॅटला २ हिट आणि १८ स्ट्राइकआउट, महिना संपायच्या आत परत ट्रिपल-एला (मेजरच्या एक पायरी खाली). ज्यांनी त्याच्यावर बजेट घातलं होतं त्यांच्याकडे मे महिन्यात काहीच उरलं नव्हतं.

दुसरा पर्याय माझा सगळ्यात आवडता, पडलेला पोरगा. म्हणजे कधीकाळी गाजला, वर आला, फेल गेला आणि लोकांनी त्याला मनातून काढून टाकलं. इथे मी स्वतः एक मोठी चूक केलीय ती सांगतो. काइल टकर, २०१५ च्या ड्राफ्टमधला पाचवा पिक, २०१८ ला ह्यूस्टनने वर आणला आणि २८ मॅचमध्ये .१४१ मारला. मी तो धरून ठेवला होता, त्या हिवाळ्यात सोडून दिला. आता नीट बघा मी काय बघितलंच नाही ते, त्याच वर्षी ट्रिपल-एमध्ये १०० मॅचमध्ये त्याने .३३२, २४ होमरन, २० स्टोलन बेस केले होते आणि पुढच्या वर्षी परत तिथेच ३४ होमरन आणि ३० स्टोलन बेस. म्हणजे पोरगा बिघडला नव्हता, मी २८ मॅचचं वजन १०० मॅचपेक्षा जास्त धरलं. २०२१ ला तो .२९४ आणि ३० होमरन मारत होता, दुसऱ्याच्या टीममध्ये. ते दुखणं अजून आहे. आपल्या जर्सीतल्या मिलव्हिलचा माइक ट्राउटसुद्धा २०११ ला पहिल्या ४० मॅचमध्ये .२२० होता, आणि पुढच्याच वर्षी .३२६, ३० होमरन, ४९ स्टोलन बेस. त्यामुळे पडलेल्या पोराकडे बघताना मी एवढंच विचारतो की खाली गेल्यावर त्याचा खेळ टिकला का, आणि वय अजून २२-२३ आहे का. दोन्हीला हो असेल तर घ्या, कारण किंमत जवळपास शून्य असते.

फक्त यात वेळ लागू शकतो हे मान्य करा. जो अ‍ॅडेल २०२० ला .१६१ होता आणि त्याचे ३७ होमरन आले २०२५ ला. दरवर्षी नव्याने ड्राफ्ट होणाऱ्या लीगमध्ये पाच वर्षं कुणी थांबत नाही, डायनॅस्टीमध्ये (जिथे टीम वर्षानुवर्षं तीच राहते) थांबता येतं. त्यामुळे आधी आपली लीग कुठली ते बघून मग ठरवा.

तिसरा प्रकार कुणालाच माहीत नसलेला. इथे मेहनत सगळ्यात जास्त आणि मजा पण सगळ्यात जास्त. होजे रामिरेझला क्लीव्हलंडने २००९ ला फक्त ५० हजार डॉलरला साइन केलं होतं, उंची कमी, पॉवर दिसत नव्हती, म्हणून यादीवाले पुढे निघून गेले. पण २०१३ ला तो २० वर्षांचा असताना डबल-एमध्ये (मेजरच्या दोन पायऱ्या खाली) आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या पिचरसमोर खेळत होता, ३८ स्टोलन बेस, होमरन फक्त ३, आणि त्याचे स्ट्राइकआउट आणि वॉक (चार खराब बॉल सोडून मिळालेला बेस) जवळपास सारखेच. हे शेवटचं वाचून थांबायला हवं होतं. ज्याला बॉल कळतो त्याच्यात पॉवर नंतर येऊ शकते, ज्याला कळत नाही त्याची पॉवर वर आल्यावर गायब होते. २०१७ ला त्याने २९ होमरन आणि ५६ डबल मारले.

म्हणून अनोळखी पोरात मी वय आणि लेव्हल एकत्र बघतो. २० वर्षांच्या पोराने डबल-एमध्ये .२७० मारणं हे २५ वर्षांच्याने .३१० मारण्यापेक्षा कितीतरी मोठं. आणि मैदान कुठलं तेही बघा, अल्बुकर्कीसारख्या पाच हजार फुटांवरच्या ठिकाणी बॉल असाच लांब जातो, तिथल्या होमरनवर लगेच भाळू नका. स्टोलन बेसला मात्र आता जास्त भाव द्या, २०२३ पासून बेस मोठे झाले आणि पिकऑफवर (बेसवरच्या पळणाऱ्याला बाद करायला पिचरने टाकलेल्या थ्रोवर) मर्यादा आली, मेजर लीगचे स्टोलन बेस एका वर्षात २,४८६ वरून ३,५०३ वर गेले, म्हणजे पळणारा पोरगा वर आल्यावर त्याला पळू देतील.

हिटर की पिचर, यात मला जास्त विचार करावा लागत नाही, हिटर. तरुण पिचरचा हात कधी जाईल सांगता येत नाही. फॉरेस्ट व्हिटली २०१६ ला पहिल्या राऊंडचा, बेसबॉलमधल्या सगळ्यात चांगल्या पिचिंग प्रॉस्पेक्टमध्ये नाव, आणि मेजर लीगमध्ये पहिली मॅच २०२४ ला. पण पिचर घ्यायचाच असेल तर ईआरए खराब असलेला घ्या ज्याचे वॉक कमी आहेत. शेन बीबरचा २०१८ चा ईआरए ४.५५ होता आणि लोक तेवढंच बघून पुढे गेले, पण ११८ स्ट्राइकआउटला वॉक होते फक्त २३. पुढच्या वर्षी २५९ स्ट्राइकआउट आणि २०२० ला साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार).

आता शोधायचं कुठे. ट्रिपल-एचा स्टॅटकास्ट डेटा (कॅमेऱ्यांनी मोजलेला बॉलचा वेग वगैरे) २०२३ पासून सगळ्यांना फुकट बघता येतो, त्यात बॉल ताशी ९५ मैलांच्या वर किती वेळा मारतोय ते बघा, अ‍ॅव्हरेज .२३० असलं तरी हा आकडा चांगला असेल तर नशीब वाईट चाललंय एवढंच. अडचण ही की तो डेटा तुमच्या लीगमधले हुशार लोक पण बघतात. डबल-एचा असा डेटा उघड मिळत नाही, म्हणून तिथेच अजून काहीतरी सापडतं, बॉक्स स्कोअर (मॅचचा आकड्यांचा तक्ता) वाचून आणि जमलं तर जाऊन बघून. आपल्याकडे ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रिअट्स आहेत, यँकीजची डबल-ए टीम, ग्राउंड ट्रेन स्टेशनला लागूनच. मी होमप्लेटच्या मागे जरा बाजूला बसतो. गेल्या उन्हाळ्यात पाहुण्या टीमचा एक बारीकसा पोरगा होता, दोन स्ट्राइक झालेले, पिचरने स्लायडर टाकला जो शेवटच्या क्षणी खाली मातीत गेला, पोराचा पुढचा पाय पडला, खांदे किंचित हलले, पण हात तिथेच राहिले. पुढचा तसाच, परत सोडला. मग तीन फाउल, मग वॉक. बॉक्स स्कोअरमध्ये त्याचं फक्त एक वॉक लिहिलं जाणार होतं, पण मी ट्रेनमध्ये बसेपर्यंत त्याला माझ्या डायनॅस्टी टीममध्ये घेतलं होतं. अजून डबल-एलाच आहे, अजून धरून आहे.

तर तुमच्या बेंचवर तीन जागा असतील तर मी म्हणेन दोन पडलेल्या हिटरना द्या, एक अनोळखी डबल-एवाल्याला, आणि गाजलेला पोरगा ड्राफ्टमध्ये चुकून खाली घसरला तरच घ्या, कॉल-अपच्या दिवशी बोली लावू नका. डायनॅस्टी असेल तर उलटं, दोन अनोळखी आणि एक पडलेला. आणि नजर टाकायला सोमवार धरा, मायनरच्या (डबल-ए, ट्रिपल-ए अशा खालच्या लीगच्या) मॅच मंगळवार ते रविवार असतात, सोमवारी सगळे आकडे थांबलेले असतात, चहा घेऊन अर्धा तास बसलं की मागच्या सहा मॅचमध्ये कुणाचे वॉक वाढले ते लगेच दिसतं.