अल्टरनेटर घरी बदलण्यासाठी घेतलेली अवजारे : वापरानंतरचे परीक्षण

आमच्या जुन्या मारुती ८०० चा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टने फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग, मी गेल्या महिन्यात अंगणातच बदलला. त्यासाठी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर दोन फेऱ्या मारून जी अवजारे जमवली, त्यांतल्या काहींनी काम सुकर केले आणि एका संचाने ते जवळजवळ बिघडवले. ज्यांना हे काम घरी करायचे आहे त्यांना पैसे नेमके कोठे घालावेत हे कळावे, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत मोलाची ठरलेली वस्तू सर्वांत स्वस्त होती: पाचशे रुपयांच्या आत मिळालेला, व्होल्टेज मोजणारा डिजिटल मल्टिमीटर. चांगली चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू झाल्यावर त्याच टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. आमच्या गाडीत इंजिन चालू असतानाही १२.१ व्होल्टच दिसत होते आणि हेडलाइट लावताच आकडा आणखी उतरत होता. बेल्ट घट्ट होता, आणि अल्टरनेटरच्या जाड वायरच्या टोकावर मोजले तरी तेवढाच आकडा आला, तेव्हा दोष मधल्या वायरचा नाही याची खात्री पटली. अनेक ठिकाणी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची पद्धत अजूनही आहे. ती कृपया कोणालाही करू देऊ नये, कारण बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज एकदम उसळते आणि रेग्युलेटरपासून (अल्टरनेटरचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या भागापासून) इंजिनाच्या कंट्रोल युनिटपर्यंत काहीही जळू शकते. दोन तारा टेकवून उत्तर देणारा मीटर असताना हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

आता त्या संचाविषयी. पहिल्या फेरीत मी चाळीसहून अधिक नगांचा, सुबक पेटीतला स्वस्त गोटी पान्यांचा (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या, दांड्याला लावायच्या सॉकेटचा) संच घेतला होता. अल्टरनेटर ज्या लांब बोल्टवर झुलतो तो खालचा बोल्ट वर्षानुवर्षांच्या चिखलाने आणि गंजाने धरून बसला होता. संचातली १४ मिलिमीटरची गोटी आतून बाराकोनी आणि किंचित सैल होती. जोर लावताच ती बोल्टच्या कडांवरून सरकली आणि दोन कोपरे झिजले. तिसरा प्रयत्न केला असता तर बोल्ट पूर्ण गोल झाला असता. मी तिथेच थांबलो, आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या इंचाच्या चौकोनाची (दांडा बसतो ते भोक), क्रोम व्हॅनेडियमची षटकोनी गोटी व सुमारे दीड फुटाचा सरळ दांडा घेऊन आलो. षटकोनी गोटी बोल्टच्या कोपऱ्यांवर न टेकता सपाट बाजूंवर दाब देते, त्यामुळे अर्धवट झिजलेला बोल्टही तिने घट्ट पकडला आणि एका संथ, सरळ ओढीत तो सुटला. हा पहिला हिसका रॅचेटने (एकाच दिशेने पकड घेणाऱ्या, मागेपुढे करता येणाऱ्या दांड्याने) देऊ नये, कारण रॅचेटच्या आतले बारीक दाते त्यासाठी केलेले नसतात. त्याचा उपयोग बोल्ट सैल झाल्यावर भराभर फिरवण्यापुरता.

रिंग पान्यांच्या बाबतीत मात्र मी पूर्ण समाधानी आहे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील टपारिया कंपनीचे १०×११, १२×१३ आणि १४×१५ हे तीन पाने मी सुटे घेतले. रिंगही बाराकोनीच असते. पण या पान्यांची बसण इतकी नेमकी आहे की बोल्टवर चढवल्यावर हलत नाहीत. बेल्टचा ताण ठरवणाऱ्या पट्टीवरचा बोल्ट आणि जाड वायरची नट या दोन्ही ठिकाणी गोटी व दांडा मावत नव्हता, तिथे रिंगचे वाकडे डोके अलगद पोहोचले. जाड वायरला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडणे अनिवार्य आहे, कारण ती वायर थेट बॅटरीशी जोडलेली असते आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते.

गाडीसोबत आलेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. खालून काम करायचे तर दोन भक्कम स्टँड हवेतच. माझ्या एकूण खर्चातला सर्वांत मोठा वाटा त्यांचा होता आणि त्याबद्दल मला जराही खेद नाही.

नवा अल्टरनेटर बसवताना बोल्ट आधी बोटांनीच चार-पाच आटे फिरवावेत, कारण बाहेरचे कवच ॲल्युमिनियमचे असते आणि तिरका गेलेला बोल्ट आटे खातो. ताण देण्यासाठी छोटी पहार लागते. ती मागच्या नाजूक झाकणावर न टेकवता पुढच्या भक्कम भागावर टेकवावी. बोल्ट ठरावीक जोरानेच आवळण्यासाठीचा टॉर्क पाना मी उसना आणला. वर्षातून एखादे काम करणाऱ्याने तो विकत घ्यावाच असे मला वाटत नाही.

एक गोष्ट मला उशिरा समजली. अल्टरनेटर उतरवल्यानंतर तो जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवला, तेव्हा केवळ कार्बन ब्रश (आतल्या फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेले निघाले. बेअरिंग आणि वेटोळी शाबूत होती. नवा भाग आधीच आणला होता म्हणून तो बसवला. जुना आता ब्रश बदलून राखीव ठेवला आहे. ज्यांची गाडी एक-दोन दिवस उभी राहू शकते त्यांनी आधी उतरवावा, तपासून घ्यावा आणि मगच खरेदीचा विचार करावा.

काम संपल्यावर इंजिन चालू करून मीटर लावला, तेव्हा १४.२ व्होल्ट दिसले, आणि हेडलाइट व ब्लोअर लावूनही आकडा १३.९ च्या खाली गेला नाही. आठवडाभराने बेल्ट थोडा सैलावला होता; १२×१३ च्या रिंग पान्याने पट्टीवरचा बोल्ट ढिला करून ताण पुन्हा बसवायला दहा मिनिटे लागली.