बायकाल आयझेडएच-४६एम: मर्यादित खर्चात स्पर्धेचे पिस्तूल

दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकाराची सुरुवात करताना पैसे नेमके कशासाठी मोजायचे, हा प्रश्न मी दोन वेळा सोडवला आणि पहिल्या वेळी तो चुकला. तेव्हा एका विक्रेत्याकडून मी नामांकित घडणीचे, सिलिंडरवर चालणारे पिस्तूल वापरलेल्या अवस्थेत घेतले होते. पिस्तूल उत्तम होते, पण सिलिंडरची मुदत संपलेली होती आणि विक्रेत्याने ती गोष्ट सांगितली नाही. हवेच्या सिलिंडरला दहा वर्षांची मर्यादा असते आणि ती पाळण्याची जबाबदारी नेमबाजावरच असते. त्यामुळे नवे सिलिंडर घेण्यात स्वस्ताईचा सगळा फायदा संपला. दुसऱ्या वेळी मी बायकाल आयझेडएच-४६एम घेतले आणि दोन हंगाम त्यावरच सराव केला.

इझेव्स्कच्या कारखान्यात घडलेले हे ४.५ मिमीचे पिस्तूल एमपी-४६एम या नावानेही ओळखले जाते. यात सिलिंडर नाही, हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर नाही, वायूची कुपीही नाही. बॅरलखालचा लीव्हर एकदा पूर्ण पुढे नेऊन मागे आणला की एका गोळीपुरती हवा दाबली जाते आणि पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, हाताने बसवावे लागते. दर वेळी तेवढीच हवा तेवढ्याच जागेत दाबली जात असल्याने एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा फारसा वेगळा नसतो. कार्बन डायऑक्साइडच्या कुपीवर चालणाऱ्या स्वस्त पिस्तुलांत तापमान उतरले किंवा गोळ्या भराभर झाडल्या की दाब घटतो. ती मौजेसाठी ठीक आहेत, पण गुणांचा हिशेब ठेवणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कमी पैशांत बॅरल कमअस्सल मिळेल, ही भीती बहुतेकांना असते. माझ्या अनुभवात या पिस्तुलाची अचूकता सुरुवातीच्या नेमबाजाच्या हातापेक्षा पुष्कळच पुढे आहे. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचे असते. मागच्या व पुढच्या साइटमधले (नेम धरण्याच्या खुणांमधले) अंतर ३५० मिमी धरले, तर त्या दोन साइटच्या जुळणीत एका मिलिमीटरची चूक झाली की दहा मीटरवर पेलेट सुमारे २९ मिमी सरकते, म्हणजे दहावरून थेट सातवर जाते. एवढी चूक बॅरल करत नाही. ती ट्रिगर दाबताना मनगट करते. म्हणून स्वस्त पिस्तूल पारखताना मी आधी ट्रिगर पाहतो, मग ग्रिप, आणि बॅरल सर्वांत शेवटी.

या पिस्तुलाचा ट्रिगर हेच त्याचे खरे मोल आहे. त्याचा पहिला टप्पा सैल चालतो, दुसऱ्यावर बोट स्पष्टपणे अडते आणि तिथून पुढे घसरण जाणवत नाही. भार आणि चाल दोन्ही स्क्रूने बदलता येतात. नियमानुसार ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम हवा आणि तपासणीत ते वजन ट्रिगरला उचलता आले पाहिजे, म्हणून मी तो थोडा वरच ठेवतो. अगदी काठावर लावलेला ट्रिगर ऐन स्पर्धेच्या दिवशी दगा देऊ शकतो. लीव्हर न ओढताही ट्रिगर चढवता येतो, त्यामुळे कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव, करता येते. माझ्या गुणांत पडलेल्या फरकाचे श्रेय मी झाडलेल्या पेलेटांपेक्षा या सरावाला अधिक देईन.

ग्रिप लाकडी आहे आणि तळहाताखालची पट्टी वरखाली सरकते. मूळ आकार माझ्या हाताला मोठा होता. कानस लावून आणि लाकडाची लुगदी भरून तो बसवायला तीन आठवडे गेले. हे काम घाईने करू नये, कारण काढलेले लाकूड परत येत नाही आणि ग्रिपने मनगटाला आधार दिला तर पिस्तूल नियमबाह्य ठरते.

आता उणिवा. वजन सुमारे १.३ किलो आहे. १५०० ग्रॅमच्या मर्यादेत ते बसते, पण भार पुढच्या टोकाकडे झुकलेला असल्याने कोवळ्या वयाच्या किंवा हलक्या बांध्याच्या नेमबाजाचा खांदा लवकर थकतो. अशांना मी हॅमर्लीचे एपी२० सुचवेन. ते एक किलोपेक्षा हलके आहे आणि सिलिंडरवर चालते. मात्र वापरलेले घेताना सिलिंडरवरची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. वायरॉखचे एचडब्ल्यू४० आणखी आटोपशीर आहे आणि तेही दर गोळीला एकदाच हवा दाबून चालते. पण त्याची ग्रिप दोन्ही हातांसाठी सारखीच घडवलेली असल्याने हात दर वेळी त्याच जागी बसत नाही. सरावाला ते चालेल, स्पर्धेसाठी मी ते घेणार नाही.

दुसरी उणीव लीव्हरची. पूर्ण सामन्यात ७५ मिनिटांत ६० गोळ्या झाडायच्या असतात आणि त्याआधी सरावाच्या गोळ्या असतात. म्हणजे लीव्हर सत्तर-ऐंशी वेळा तरी ओढावा लागतो. सुरुवातीला चाळिसाव्या गोळीनंतर माझा हात थरथरत असे. लीव्हर नेमबाजीच्या हाताने न ओढता दुसऱ्या हाताने ओढायचा, पिस्तूल टेबलावर टेकवायचे आणि दोन श्वास घेऊनच उचलायचे, अशी सवय लावल्यावर तो त्रास बराच कमी झाला. वापरलेले पिस्तूल घेणाऱ्याने हवेचे सीलही तपासावे: हवा भरून, पेलेट बसवून, नळी सुरक्षित दिशेला रोखून अर्धा मिनिट थांबावे आणि मग गोळी झाडावी. आवाज नेहमीपेक्षा मंद आला, तर किमतीची बोलणी सील बदलण्याचा खर्च धरूनच करावी.