त्यानं पैसे मागितलेच नव्हते: ऑनलाइन प्रेमातली फसवणूक कोणत्या क्रमानं घडते

फसलेल्या माणसांच्या तक्रारींत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: "त्यानं माझ्याकडे कधी एक पैसाही मागितला नव्हता." ते बहुतेकदा खरं असतं. ‘पैसे मागितले की समजा लबाड’ हा सल्ला इतकी वर्षं दिला गेला की तो लबाडांनाही पाठ झाला. आजची पद्धत वेगळी आहे. पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं भरता, आणि तेही ‘तुमच्याच’ नावाच्या खात्यात. त्यामुळे मागणी येईल तेव्हा बघू, असं म्हणत थांबलात तर ती वेळ कधी येतच नाही. लक्ष ठेवायचं ते घटनांच्या क्रमावर. माणसं, फोटो, देश, व्यवसाय सगळं बदलतं. क्रम सहसा बदलत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. हे फक्त भोळ्या किंवा वयस्कर लोकांचं होतं, असं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली फसवल्याच्या सुमारे ७० हजार तक्रारी आल्या आणि त्यांत १३० कोटी डॉलर गेल्याची नोंद झाली. पैसे गमावलेल्यांपैकी ४० टक्के लोकांची ओळख सोशल मीडियावर झाली होती. डेटिंगच्या साइटवर किंवा ॲपवर फक्त १९ टक्क्यांची. म्हणजे ‘मी डेटिंग ॲप वापरतच नाही’ हे संरक्षण नव्हे. आणि शिक्षणाचं म्हणाल, तर कॅन्ससमधल्या एका छोट्या बँकेच्या प्रमुखानं २०२३ मध्ये याच जातीच्या क्रिप्टो (म्हणजे संगणकीय चलनाच्या) सापळ्यात बँकेचे ४ कोटी ७० लाख डॉलर ओतले. बँक बुडाली, आणि २०२४ मध्ये त्याला २४ वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला. आयुष्यभर पैशांचाच धंदा केलेला माणूस होता तो.

पहिली पायरी म्हणजे जागा बदलणं. ओळख होऊन दोन-तीन दिवस होत नाहीत तोच ‘मी इथे फारसा नसतो, व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर बोलू’ असा प्रस्ताव येतो. कारण साधं आहे. डेटिंग ॲपवर संशयास्पद मजकूर पकडणारी यंत्रणा असते, तक्रार झाली की प्रोफाइल उडतं, आणि काही ॲप त्या प्रोफाइलशी बोलणाऱ्या इतरांनाही सावध करतात. तुम्ही बाहेर पडलात की ही सगळी कुंपणं मागे राहतात. भेट होईपर्यंत ॲपवरच बोलू, एवढं सांगून बघा. खऱ्या माणसाला थोडा राग येईल, पण तो थांबेल. ज्याला दिवसाचं लक्ष्य गाठायचं आहे, त्याला थांबणं परवडत नाही.

लक्ष्य हा शब्द मुद्दाम वापरला. पलीकडे एकटा कोणी लबाड बसलाय, अशी कल्पना असेल तर ती सोडा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशाच ऑनलाइन फसवणुकीसाठी डांबून ठेवलेली असावीत. नोकरीच्या आमिषानं नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली. तुम्हाला ‘जेवलीस का’ विचारणारा माणूस स्वतःच कैदी असू शकतो. त्याच्यासमोर लिहून दिलेली संहिता असते: पहिल्या दिवशी काय विचारायचं, जोडीदार गेलेल्या व्यक्तीशी कसं बोलायचं, पैशांचा विषय केव्हा काढायचा. एकाच नावामागे पाळीपाळीनं दोन-तीन जण बसतात. म्हणून काही खुणा जपून ठेवा. काल सांगितलेली गोष्ट आज पुन्हा विचारली जाते, भावंडांची संख्या बदलते, संध्याकाळचं लिखाण सकाळच्या लिखाणापेक्षा वेगळ्या वळणाचं असतं.

सुरुवातीच्या गोड आठवड्यांत काही प्रश्न मात्र फार साधेपणानं विचारले जातात. एकटे राहता का? घर स्वतःचं आहे का? निवृत्तीनंतरची सोय केली आहे का? मुलं पैशांच्या व्यवहारात लक्ष घालतात का? सुटे सुटे पाहिले तर हे आपुलकीचे प्रश्न वाटतात. एका कागदावर ओळीनं लिहा, म्हणजे कर्जाचा अर्ज भरून घेतल्यासारखे दिसतील.

फोटो तपासायचा तर नीट तपासा. गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या सेवांवर नुसता फोटो टाकून काही मिळालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. चोरलेला फोटो बऱ्याचदा आरशासारखा उलटा करून किंवा कडा कापून वापरतात, म्हणजे शोधात सापडू नये. स्क्रीनशॉट घ्या, फोटो आडवा उलटा करा, फक्त चेहऱ्याचा भाग कापा आणि पुन्हा शोधा. मागची भिंत, इमारत, गणवेशावरची पट्टी असे तुकडे वेगळे शोधले तरी मूळ सापडतं. यंत्रानं बनवलेला चेहरा असेल तर काहीच सापडणार नाही. म्हणजे शोधात फोटो दुसऱ्याच कुणाच्या नावावर सापडला तर लबाडी नक्की. नाही सापडला तर काहीच सिद्ध झालं नाही.

व्हिडिओ कॉलचंही तसंच. पूर्वी ‘कॅमेरा बिघडलाय’, ‘तेलविहिरीवर नेट नाही’, ‘सैन्यात परवानगी नाही’ ही कारणं पुरेशी खूण होती. जुन्या पठडीतली टोळी अजून तीच वापरते. पण मोठ्या टोळ्या आता कॉलसाठी पगारी मॉडेल ठेवतात किंवा कॉल चालू असतानाच चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर वापरतात. हाँगकाँग पोलिसांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच एका टोळीतल्या २७ जणांना पकडलं. मान पूर्ण बाजूला वळवायला सांगणं, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगणं यानं कच्चं काम उघडं पडतं, पक्कं नाही. चेहरा खरा निघाला तरी तो माणूस प्रामाणिक आहे हे त्यातून कळत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आता मुख्य भाग. दोन-चार आठवड्यांनी बोलण्यात एखादा काका, मामी किंवा मित्र येतो, ज्याला बाजाराची ‘आतली’ माहिती असते. तुमच्याशी बोलणारा माणूस तुम्हाला काही विकत नाही. स्वतःचा नफा दाखवतो, स्क्रीनशॉट पाठवतो, आणि तुम्ही विचारेपर्यंत गप्प बसतो. तुम्ही विचारलंत की म्हणतो, "थोडेच पैसे लाव, मला तुझी काळजी वाटते." मग एक लिंक येते किंवा ॲप उतरवायला सांगितलं जातं. आयफोनवर हे बऱ्याचदा टेस्टफ्लाइट या चाचणीच्या सोयीतून किंवा ब्राउझरमधून ‘होम स्क्रीनवर जोडा’ असं सांगून बसवतात, म्हणजे ॲप स्टोअरच्या नेहमीच्या तपासणीतून जावं लागत नाही.

व्यवहार असा होतो. आधी तुम्हाला एखाद्या खऱ्या, नामांकित एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो चलनाच्या बाजारावर, खातं उघडायला लावतात. तिथे तुम्ही पैसे देऊन बहुधा यूएसडीटी हे क्रिप्टो चलन घेता, ज्याचा भाव एका डॉलरशी बांधलेला असतो. इथपर्यंत सगळं अस्सल असतं, आणि म्हणूनच विश्वास बसतो. मग ते यूएसडीटी ‘ट्रेडिंग खात्यात’ हलवायला सांगतात. ते खातं म्हणजे टोळीचं वॉलेट, क्रिप्टो ठेवायचं पाकीट. बऱ्याचदा ट्रॉन या क्रिप्टो व्यवहारांच्या जाळ्यावरचं, टी या रोमन अक्षरानं सुरू होणाऱ्या ३४ अक्षरी पत्त्याचं. पाठवा म्हटलं त्या क्षणी पैसे गेलेले असतात. त्यानंतर पडद्यावर वाढत जाणारी शिल्लक, हिरवे आलेख, रोजचा नफा, हे सगळं त्यांच्या संगणकात टंकलेले आकडे असतात. मागे कुठे खरेदी-विक्री होतच नाही.

‘पण मी थोडे पैसे काढून पाहिले, ते मिळाले!’ मिळतातच. छोटी रक्कम परत देणं हा त्यांचा खर्च असतो. गळाला लावलेलं गांडूळ समजा. त्यानंतर रक्कम मोठी होते: बचत, दागिने, कर्ज. आणि एके दिवशी सगळे पैसे काढायला गेलात की अडथळा येतो. आधी कर भरा, मग पडताळणीची ठेव भरा, मग खातं संशयास्पद ठरलं म्हणून ते सोडवायला भरा. प्रत्येक वेळी ही शेवटचीच रक्कम असते. इथे एकच वाक्य लिहून पाठवा: "जे काही शुल्क असेल ते माझ्या शिलकीतून कापून घ्या." खरं एक्स्चेंज शुल्क शिलकीतूनच कापतं. खोटं एक्स्चेंज हे कधीच करू शकत नाही, कारण कापायला तिथे काही नसतं. ते ‘नियमानुसार’ नवे पैसेच बाहेरून आणायला सांगतील. करही सरकारकडे भरायचा असतो, एखाद्या ॲपच्या वॉलेटमध्ये नव्हे.

लिंक आली त्याच दिवशी करायची गोष्ट सोपी आहे. साइटचं नाव हू-इज सेवेत टाका, नोंदणी कधी झाली ते फुकट दिसतं. ‘दहा वर्षांची जुनी कंपनी’ आणि सहा आठवड्यांपूर्वीचं डोमेन, एवढी विसंगती पुरते. नावात एखादं अक्षर जास्तीचं आहे का, तेही पाहा. स्वतःचं खरं वॉलेट असेल तर अनोळखी साइटवर ‘मंजूर करा’ दाबू नका. त्या एका परवानगीनं पुढे कधीही वॉलेट रिकामं करता येतं.

जुने प्रकार संपलेले नाहीत, पण ते ओळखायला सोपे. परदेशातून पाठवलेली भेटवस्तू सीमाशुल्कात अडकली म्हणून ‘अधिकारी’ फोन करतो आणि कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात पैसे भरायला सांगतो. असं शुल्क वैयक्तिक खात्यात घेतलं जात नाही. अचानक अपघात, रुग्णालय, अडकलेलं विमानतिकीट. गिफ्ट कार्ड विकत घेऊन मागचा क्रमांक कळवा, हे तर उघडच. तो क्रमांक म्हणजे रोकड. याहून घातक एक विनंती असते: "माझं खातं बंद आहे, तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव." ते पैसे दुसऱ्या कुणा फसलेल्याचे असतात, आणि पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव तुमचं लागतं.

खासगी फोटो किंवा व्हिडिओवरून धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिलेत की ‘हा देतो’ अशी नोंद होते आणि मागणी वाढते. धमकीचे स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, तक्रार करा. स्टॉपएनसीआयआय या सेवेवर तुमच्याच फोनवर त्या चित्राचा अंकीय ठसा तयार होतो. चित्र कुठेही पाठवावं लागत नाही, आणि सहभागी सोशल मीडिया कंपन्या तो ठसा जुळला की मजकूर अडवतात. ती १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. चित्र १८ वर्षांखालच्या वयातलं असेल तर ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की पहिली ऊर्मी येते ती जाब विचारण्याची. नेमकं तेच करू नका. टेलिग्रामवर समोरचा माणूस अख्खं संभाषण दोन्ही बाजूंनी पुसू शकतो, कितीही जुनं असलं तरी. म्हणून आधी चॅट एक्स्पोर्ट करा, प्रोफाइलचा दुवा, फोन क्रमांक, साइटचा पत्ता, वॉलेटचा पत्ता आणि प्रत्येक व्यवहाराचा ६४ अक्षरी हॅश, म्हणजे त्या व्यवहाराची ओळखखूण, उतरवून घ्या. हॅश महत्त्वाचा, कारण त्यावरून पैसे पुढे कुठे गेले ते तपासता येतं, आणि पोलिसांच्या विनंतीवरून यूएसडीटी चालवणारी कंपनी संबंधित पत्ता गोठवू शकते. बँकेला त्याच तासात फोन करा आणि ‘फसवणूक झाली आहे, रक्कम थांबवा’ असं स्पष्ट सांगा. फसवणारे बँकेत काय खोटं सांगायचं हेही शिकवतात, ‘घर दुरुस्ती म्हणा, नातेवाईक म्हणा’. ते सांगून बसला असाल तर लाज बाजूला ठेवून दुरुस्त करा. दुसऱ्याला तुमचं उपकरण दुरून चालवू देणारं एनीडेस्कसारखं ॲप बसवलं असेल तर आधी नेट तोडा, ॲप काढा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

काही दिवसांनी आणखी एक निरोप येईल. एखादा वकील, हॅकर किंवा ‘तपास अधिकारी’ तुमची बुडालेली रक्कम अगदी अचूक सांगेल आणि ती परत मिळवून देण्यासाठी आगाऊ शुल्क मागेल. आकडा त्याला ठाऊक असतो, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. कित्येकदा ती मूळ टोळीच असते. त्याचाही निरोप पुराव्यांच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि उत्तर देऊ नका.